एकाच गोदामातून शाळेचं जेवण आणि आपत्तीतला शिधा: घोडं नेमकं कुठं अडतं?

रस्ता_बंद (प्रश्न)

मंडळी, एका आराखड्याचे आकडे मांडतो. त्यातली भोकं दाखवा.

शाळा ८४, पटावर मुलं ११,३००. महिन्याला २२ दिवस शाळेतच शिजवलेलं दुपारचं जेवण. दर मुलामागे रोज धान्य १५० ग्रॅम, डाळ ३०, तेल १०, मीठ ३. महिन्याचा हिशेब: धान्य ३७.३ टन, डाळ ७.५, तेल २.५, मीठ पाऊण टन. सगळं मिळून ४८ टन. यातल्या १९ शाळांचा रस्ता वर्षातून अडीच महिने बंद असतो, त्यामुळे तिथं माल आधीच भरून ठेवावा लागतो.

याच गोदामात पूर किंवा भूकंपासाठी २०,००० माणसांचा ७ दिवसांचा शिधाही ठेवायचा आहे. दर माणशी रोज धान्य ४००, डाळ ६०, तेल २५, पोषक मिश्रणाचं पीठ ५०, साखर १५, मीठ ५ ग्रॅम. बेरीज ५५५ ग्रॅम, साधारण २,१०० किलोकॅलरी. रोजचे ११.१ टन, सात दिवसांचे ७८.

खरेदीचं सोडा, ते जमेल. पोती ५० किलोची घ्यावीत की २५ च्या? गोदाम केवढं लागेल? आपत्तीत शाळांच्या साठ्याला हात लावावा का? आणि शाळेशाळेत चूल पेटवण्यापेक्षा एकच मोठं स्वयंपाकघर बरं, असा एक आग्रह आहे, तो कितपत खरा?

---

शेवटचा_नाका

४८ टन या बेरजेकडे बघून काही कळत नाही. सगळ्यात लहान शाळा घ्या आणि तिथून उलटं मोजत या.

समजा पट ३७. रोजचं धान्य ५.५५ किलो, महिन्याचं १२२.१ किलो. ५० किलोच्या पोत्यांत हे होतं २.४४ पोती. दोन पाठवलीत तर एकोणिसाव्या दिवशी चूल थंड. तीन पाठवलीत तर २७.९ किलो उरतं, म्हणजे पाच दिवसांचं. उरलेलं वजा करून पुढच्या महिन्यात दोनच पाठवली तर गणित बसतं, तिसऱ्या महिन्यात पुन्हा तीन. पण त्यासाठी शाळेची खरी शिल्लक गाडी भरायच्या आधी गोदामाला कळायला हवी. ती न कळता दर महिन्याला तीन-तीन जात राहिली की वर्षअखेर त्या खोलीत किडलेल्या धान्याची रास सापडते, आणि त्याच महिन्यात दुसऱ्या एखाद्या शाळेत खडखडाट असतो. एकूण बेरीज मात्र बरोबर असते!

हेच २५ किलोच्या पोत्यांत मोजा: १२२.१ किलोला पाच पोती, शिल्लक २.९ किलो. डाळ २४.४ किलो, म्हणजे जवळजवळ नेमकं एक पोतं. शिवाय गाडी जिथं थांबते तिथून पुढं पायवाट किंवा साकव असेल तर २५ किलो एकटा माणूस उचलतो, ५० ला दोघं लागतात. माझं मत २५ च्या बाजूनं. पण ती भरून येतानाच २५ ची यावीत. गोदामात ५० ची फोडून २५ ची करायला गेलात तर सांडलवंड होते, शिवण कच्ची राहते आणि पोत्यावरचा लॉट क्रमांक (माल कुठल्या खेपेत भरला त्याचा) जातो. मग एखादा लॉट खराब निघाला तर तो कुठल्या शाळेत गेला हे शोधायचं कसं?

तेलात एक जुनी चूक सगळीकडे होते. मापात ते ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं आणि येतं लिटरमध्ये. लिटरभर तेल भरतं सुमारे ९२० ग्रॅम. तुमचं महिन्याचं २,४८६ किलो तेल म्हणजे २,७०० लिटर. खरेदीच्या कागदावर कुणी सरळ २,४८६ लिटर लिहिलं तर आठ टक्के तूट पहिल्याच दिवशी. ती कुणी चोरलेली नसते, पण शोध मात्र चोराचाच चालतो.

वाटपाच्या फेऱ्यांबद्दल: सरासरी शाळेचा महिन्याचा माल ५७० किलोच्या आसपास. पाच टनी गाडीत आठ शाळा बसतात. शेवटी लागणारी शाळा आधी भरायची, म्हणजे प्रत्येक ठिकाणी मागचं फळकं पाडलं की त्या शाळेचा माल समोर. आणि धान्याची फेरी वेगळी, तेलाची वेगळी असं कधीही करू नका. धान्य, डाळ, तेल, मीठ एकाच चलनावर, एकाच गाडीतून. एक जरी जिन्नस मागं राहिला की बाकीचे तीन असून नसल्यासारखे.

---

थप्पीवाला

गोदामाचं मी सांगतो.

तीन महिन्यांचा शाळांचा माल १४४ टन आणि राखीव ७८, एकूण २२२ टन. पोत्यातल्या मालाला टनामागे दोन घनमीटर धरून चाला. प्रत्यक्षात धान्य त्याहून कमी जागेत मावतं, पण थोडा हात सैल ठेवलेला बरा. झाले ४४४ घनमीटर. थप्पीची उंची अडीच मीटर धरली तर निव्वळ १७८ चौरस मीटर. भिंतीपासून एक मीटर, दोन थप्प्यांमध्ये एक मीटर आणि मधला हमरस्ता सोडला की वापरता येते ती जागा ६५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून २७५ चौरस मीटर तरी हवेत. पक्कं बांधकाम नसेल तर १० बाय ३२ मीटरचा गोदामी तंबू मिळतो, त्यात हे बसेल. तंबूत थप्पी कापडाला टेकता कामा नये. टेकली की आतल्या बाजूला दव धरतं आणि कडेची पोती बुरसतात.

भिंतीपासूनचं अंतर हे नियम म्हणून नका पाळू, कारणं समजून पाळा. तिथून हवा फिरते, उंदराची वाट दिसते, छत कुठं गळतंय ते कळतं आणि धुरी (कीड मारायचा वायू) देताना चादर खाली नीट दाबता येते. जागा कमी पडली की आधी हीच फट भरली जाते, आणि पुढच्या सगळ्या भानगडी तिथून सुरू होतात.

थप्पी लाकडी फळ्यांवर. प्रत्येक थर सारख्याच पोत्यांचा, वरचा थर खालच्याला आडवा, म्हणजे बांधणी पक्की होते आणि मोजणीही सोपी होते: एका थरातली पोती गुणिले थर. मध्येच कुणी पोकळ थर लावला तर बाहेरून पत्ता लागत नाही, म्हणून वर चढून बघायचंच. हमालांना पोती ओढायचा लोखंडी आकडा (हूक) वापरायला बंदी. विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्याला आकड्यानं पडलेलं भोक बुजत नाही, ज्यूटचं पोतं त्यातल्या त्यात सांभाळून घेतं. प्लास्टिकची पोती उन्हात ठेवली तर काही आठवड्यांत धागा कुजतो आणि उचलताना पोतं हातात फाटतं.

आता कीड. माल आत घेतानाच ओलावा मोजा. मका १३.५ टक्क्यांच्या वर नको, तांदूळ १४ च्या वर नको. ३० अंशांच्या आसपास सोंड्याची एक पिढी महिनाभरात तयार होते. याचा अर्थ तुमच्या त्या १९ शाळांत माल पडून राहील तितक्या काळात दोन पिढ्या. तिथं जाणारा माल धुरी देऊन झालेला आणि शक्यतो हवाबंद अस्तराच्या पोत्यात भरलेला पाठवा. हवाबंद पोत्याचं तोंड नुसतं दोरीनं बांधून चालत नाही. हवा दाबून काढायची, पीळ द्यायचा, दुमडायचं आणि मग आवळून बांधायचं.

धुरीची खरी अडचण वेगळीच आहे आणि तुमच्या आराखड्यात ती दिसत नाही. फॉस्फिनची धुरी म्हणजे थप्पीवर चादर टाकून, कडा वाळूच्या लांब पिशव्यांनी दाबून, किमान आठवडाभर हात न लावणं. नंतर हवा खेळू देण्यासाठी एक-दोन दिवस. १५ अंशांच्या खाली याहून जास्त दिवस, १० च्या खाली तर धुरी देऊच नये. एवढे दिवस तो माल कुलूपबंद. नेमका त्याच आठवड्यात पूर आला तर? ७८ टन समोर आहेत आणि एक पोतं हलवता येत नाही, कारण खाली विषारी वायू आहे. अर्धाच माल धुरीखाली घ्यावा म्हटलं तर शेजारच्या थप्पीतली कीड महिनाभरात परत येते. म्हणून राखीव साठा दोन वेगळ्या खोल्यांत किंवा दोन वेगळ्या गावांत ठेवा आणि धुरीच्या तारखा किमान तीन आठवड्यांच्या अंतरानं लावा. हे काम परवानाधारक माणसाकडूनच. गोळ्या विकत आणून चौकीदारानं टाकल्या, हा प्रकार जिवावर बेततो.

पाणी शुद्ध करायची क्लोरीनची भुकटी, साबण, डिझेल यातलं काहीही धान्याच्या छताखाली नको. क्लोरीनचा वास धान्य धरून ठेवतं, आणि ते डबे गंजून फुटतात ते वेगळंच.

---

रस्ता_बंद

धुरीचं खरंच सुटलं होतं. दोन जागा धरतो. शेवटचा_नाका, शाळेची शिल्लक गाडी भरायच्या आधी कशी कळावी? ८४ ठिकाणांहून फोन येणं अवघड आहे.

---

चलन_तिसरी_प्रत

फोनची वाट बघूच नका. या महिन्याचा माल उतरवताना खोलीत काय आहे ते गाडीसोबतच्या माणसानं मोजून चलनावर लिहायचं. तो आकडा पुढच्या महिन्याच्या भरणीला वापरायचा. महिनाभर शिळा असतो, पण खरा असतो.

चलनाच्या चार प्रती: गोदाम, गाडीवाला, शाळा, हिशेब. त्यात 'पाठवले' आणि 'मिळाले' हे दोन स्वतंत्र रकाने हवेत, आणि 'मिळाले' हा रकाना उतरवून घेणाऱ्यानंच हातानं भरायचा. आधीच छापून आलेल्या आकड्याखाली सही घेतली तर तूट कधीच सापडत नाही. तुटीची चार कारणं वेगळी लिहा: वजन कमी, पोतं फाटलं, भिजलं, पोतंच आलं नाही. वजन कमी हे भरणाऱ्याकडे जातं, फाटणं हमालीकडे, भिजणं ताडपत्रीकडे, न येणं रस्त्याकडे. सगळं 'घट' म्हणून एका रकान्यात कोंबलं की दोष कुणाच्याच पदरात पडत नाही.

माल आत घेताना प्रत्येक पोतं वजन करणं शक्य नसतं. शंभरातली दहा निवडा, पण वेगवेगळ्या थरांतून; गाडीवाला काढून देईल ती नकोत. सरासरी ४९.४ भरली तर तूट १.२ टक्के. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तीन महिन्यांच्या ११२ टन धान्यावर ती सव्वा टनाच्या वर जाते.

पटाचा मुद्दा कुणी काढलाच नाही. तुमचा सगळा हिशेब पटावर आहे, मुलं मात्र हजेरीवर जेवतात. समजा हजेरी ८२ टक्के. महिन्याला ४८ ऐवजी ३९.४ टन लागतील, म्हणजे तीन महिन्यांत जवळपास २६ टन जास्तीचा माल शाळांच्या खोल्यांत साचणार. एक तर तो किडतो, नाहीतर त्याला पाय फुटतात. उलट बाजूही आहे: जेवण नियमित झालं की हजेरी वाढते, म्हणून ८२ वर कायमचं अडकून बसू नका. दर तिमाहीला मागच्या तीन महिन्यांच्या हजेरीवर पाच-सात टक्के वाढ धरून भरणी ठरवा.

तपासणीची एक सोपी खूण. शाळेच्या नोंदवहीत रोजची हजेरी गुणिले १५० ग्रॅम बरोबर रोजचा खर्च, असं महिनाभर शेवटच्या ग्रॅमपर्यंत जुळत असेल तर समजावं की पाणी कुठंतरी मुरतंय. खरं माप दोन-चार टक्के इकडंतिकडं होतंच. १५० ग्रॅम कुणी काट्यावर तोलत नाही, डब्यानं मोजतात. डबा कुठला ते ठरवून द्या, त्यावर रेघ मारा, आणि धान्याचा प्रकार बदलला की रेघही बदला. एकाच डब्यात तांदूळ आणि भरडा यांचं वजन सारखं येत नाही.

---

मोठं_पातेलं

मध्यवर्ती स्वयंपाकघराचा आग्रह धरणाऱ्यांना एक साधी गोष्ट विचारा: पाणी कोण वाहणार?

तुमच्या मुलांना रोज लागतं २.२ टन कोरडं. शिजल्यावर त्याचं वजन होतं तिपटीच्या आसपास, साडेसहा टन. ते रोज, ठरलेल्या तासात, ८४ ठिकाणी पोचवायचं. कोरडा माल महिन्यातून एकदा जातो आणि एक दिवस उशीर झाला तरी चालतो. शिजलेलं अन्न तासभर उशिरा आलं तरी धोका.

धोका कसला तेही सांगतो. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. शिजलेलं अन्न ६० च्या वर राहिलं पाहिजे, आणि साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त राहता कामा नये. भातात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. अन्न कोमट झालं की ते जागे होतात आणि जे विष तयार करतात त्यातलं एक पुन्हा उकळूनही जात नाही. डाळीच्या किंवा रश्श्याच्या मोठ्या पातेल्यात मधला भाग तासन् तास कोमट राहतो, तिथं क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स हा दुसरा जंतू वाढतो. 'गरम करून वाढलं होतं' हा बचाव म्हणूनच पुरत नाही.

आता गाड्या मोजा. झाकण लावल्यापासून वाढेपर्यंत ९० मिनिटं हातात धरली आणि शाळेमागे प्रवास नि उतरवणी मिळून १५ मिनिटं, तर एका गाडीला सहा शाळा. ८४ शाळांना १४ गाड्या, रोज. एक बिघडली की सहा शाळा उपाशी. शाळा दाटीनं असतील, रस्ते बरे असतील, शाळेत चुलीला जागाच नसेल तर मोठं स्वयंपाकघर जरूर करा. तिथं स्वच्छतेवर नजर ठेवणंही सोपं जातं. विखुरलेल्या ८४ शाळांना, त्यातही १९ चा रस्ताच बंद होणाऱ्या, ते झेपणार नाही.

दुसरं, मोठं स्वयंपाकघर बंद पडलं तर एका फटक्यात सगळ्यांचं जेवण बंद. शाळाशाळांत चुली असतील तर पुरात आठ बुडतील, बाकीच्या चालू राहतील.

आपत्तीतही हीच चूक होते. गरम अन्न प्लास्टिकच्या पिशवीत भरून, तोंडं बांधून, पोत्यात रचून चार-पाच तासांच्या वाटेवर पाठवतात. पिशवीत वाफ कोंडते आणि ऊब टिकते ती नेमकी ३० ते ४५ अंशांची. जंतूंना याहून चांगली जागा नाही. लांब पाठवायचं असेल तर कोरडं, कुरकुरीत, पाणी नसलेलं पाठवा. ओलं शिजवायचं ते जिथं खायचं तिथंच.

---

शेवटचा_नाका

पातेलं बरोबर बोलतायत. पण कोरडा शिधाही पहिल्या तीन दिवसांत निरुपयोगी ठरू शकतो. घर गेलंय, भांडं गेलंय, चूल नि सरपण भिजलंय, आणि हातात चारशे ग्रॅम कच्चं धान्य. त्या ७८ टनांमधले निदान पहिले दोन-तीन दिवस न शिजवता खाता येईल अशा स्वरूपात हवेत. उच्च ऊर्जेची बिस्किटं १०० ग्रॅमला साधारण ४५० किलोकॅलरी देतात. ४०० ग्रॅम दिलीत तरी दिवस निघतो, आणि ५५५ ग्रॅमऐवजी ४०० वाहावे लागतात. त्यानंतर सामूहिक चुली, आणि घरोघर कोरडा शिधा त्याच्याही नंतर.

पाण्याचा आकडा तर कुणीच मांडत नाही. मदतकार्याच्या स्फीअर मानकांत माणशी रोज किमान १५ लिटर धरतात. २०,००० माणसांना ३ लाख लिटर, म्हणजे ३०० टन. अन्नाच्या ११ टनांच्या सत्तावीसपट. टँकरनं हे दोन-चार दिवस रेटता येतं, पुढं नाही. म्हणून पहिल्या गाडीत पाणी शुद्ध करायचं साहित्य आणि साठवायच्या टाक्या जायला हव्यात, धान्य दुसऱ्या गाडीत. ऐकायला उलटं वाटतं, पण पाणी नसेल तर तुमची डाळ शिजणार कशात?

गाड्यांचं गणित: रोज ११.१ टन, पाच टनी गाड्या, म्हणजे तीन खेपा. एक खेप जाऊन-येऊन दोन दिवस घेत असेल तर सहा गाड्या. बिघाडाला दोन जादा. आठ. आणि खेपेचा वेळ रस्त्यात कमी आणि उतरवण्यात जास्त जातो, हे लक्षात असू द्या. २० टनांच्या मोठ्या गाडीत ५० किलोची ४०० पोती असतात. हमालांची एकच रांग असेल आणि पोत्याला मिनिट लागत असेल तर पावणेसात तास. दोन रांगा लावल्या तर साडेतीन. गाड्या वाढवण्यापेक्षा हमाल वाढवणं स्वस्त पडतं, पण मागणीच्या यादीत हमाल कधीच नसतात.

बाहेरून येणाऱ्या मदतीवर फार विसंबू नका. ती कुठं अडेल ते आधी सांगता येत नाही. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपात राजधानीचं बंदर मोडलं आणि सगळा भार एका धावपट्टीवर आला. नेपाळमध्ये २०१५ साली काठमांडूच्या एकुलत्या धावपट्टीला तडे जाऊ लागले म्हणून १९६ टनांपेक्षा जड विमानांना मनाई करावी लागली. बांदा आचेला ४ जानेवारी २००५ रोजी एक मालवाहू विमान धावपट्टीवर म्हशीला धडकलं आणि त्सुनामीच्या मदतीची विमानं अडून बसली. तोवर हेलिकॉप्टरं चालू होती म्हणून निभावलं. प्वेर्तो रिकोत २०१७ च्या मारिया वादळानंतर तर माल बंदरात पोचलेला होता, हजारो कंटेनर. न्यायला चालक आणि डिझेल नव्हतं. चारही ठिकाणी माल होता. अडला तो शेवटच्या तुकड्यात.

तेव्हा डिझेलही शिध्याइतकंच राखीव ठेवा. आठ गाड्यांना सात दिवस पुरेल एवढं, गोदामापासून दूर, आणि हातपंपासह. वीज नसते तेव्हा पंपावरचं डिझेल टाकीतच राहतं.

---

चलन_तिसरी_प्रत

शाळेच्या साठ्याला हात लावावा का, हा प्रश्न राहिला. माझं मत: लावू नये. एकदा दार उघडलं की परत भरलं जात नाही. पूर ओसरतो, बातम्या थांबतात, शाळा उघडतात आणि कोठी रिकामी. नव्या खरेदीला दोन ते चार महिने सहज जातात.

---

शेवटचा_नाका

इथं मी सहमत नाही. आपत्तीत माणसं जातात कुठं? शाळेत. पक्कं छत तिथंच असतं. दोनशे माणसं वर्गात बसलेली, शेजारच्या खोलीत धान्य, चूल आहे, पातेली आहेत, शिजवणारं माणूस गावातच आहे. आणि तुम्ही म्हणणार कुलूप लावा? कुणी ऐकणार नाही. ते कुलूप तुटेल आणि नोंद शून्य होईल. त्यापेक्षा आधीच नियम लिहून ठेवा.

प्रमाणही बघा. सगळ्या शाळांचं मिळून महिन्याचं धान्य २०,००० माणसांना साडेचार दिवसांचं आहे. हा तुमचा सगळ्यात जवळचा साठा, आणि तो आधीच ८४ जागी पोचवलेला आहे. गाडी लागत नाही.

---

चलन_तिसरी_प्रत

बरं, मग नियम काय? 'गरजेनुसार' असं लिहिलंत तर मी पुन्हा विरोधात.

---

शेवटचा_नाका

असा:
शाळेत निवारा सुरू झाल्याची लेखी नोंद झाली की पहिले तीन दिवस शाळेचं धान्य वापरता येईल. चौथ्या दिवसापासून राखीव साठा पोचलाच पाहिजे. न पोचल्यास जबाबदारी गोदामाची, शाळेची नव्हे. निवाऱ्याची नोंदवही वेगळ्या रंगाची. त्यात मुलांची हजेरी नाही, माणसं आणि जेवणं लिहायची. वापरलेलं धान्य राखीव साठ्यातून त्याच शाळेला पुढच्या १५ दिवसांत परत. नवीन खरेदीची वाट बघायची नाही. खरेदी होईल ती राखीव साठा भरायला. आणि रस्ता बंद होणाऱ्या १९ शाळांत अडीच महिन्यांतल्या शाळेच्या ५५ दिवसांऐवजी ६५ दिवसांचं भरायचं. ६० मुलांच्या शाळेला ५५ दिवसांचे ६३७ किलो लागतात, ६५ चे ७५३. सव्वाशे किलोही वाढत नाहीत, पण अडकलेल्या गावाला ते दहा दिवस मोलाचे.

---

चलन_तिसरी_प्रत

परतफेड राखीव साठ्यातून, हे मान्य. सही कुणाची लागेल तेवढं आधी ठरवा, आणि ती व्यक्ती गावात नसली तर दुसरी कोण तेही. पुरात नेमका सहीवाला पलीकडच्या काठावर असतो.

---

मोठं_पातेलं

एक भर. शाळा बंद पण घरं शाबूत, अशीही आपत्ती असते. २०२० मध्ये जगभर शाळा बंद झाल्या तेव्हा ३७ कोटी मुलांचं शाळेतलं जेवण थांबलं. अनेक ठिकाणी शिजवलेल्याऐवजी कोरडा शिधा घरी द्यायला सुरुवात झाली. कागदावर ते एका ओळीचं काम आहे. प्रत्यक्षात दर मुलामागे महिन्याचं ३.३ किलो धान्य, ६६० ग्रॅम डाळ, २२० ग्रॅम तेल. तुमच्याकडे ११,३०० पुड्या बांधायच्या, आणि २२० ग्रॅम तेल देणार कशात? काटा, पिशव्या, लहान बाटल्या यांचा एक महिन्याचा संच कोरडा ठेवून द्या. तेलासाठी बाटल्या मिळत नसतील तर दोन महिन्यांचं तेल एकदम अर्ध्या लिटरच्या बंद पाकिटात द्या. ४४० ग्रॅमचे होतात सुमारे ४८० मिलिलिटर, पाकीट जवळजवळ नेमकं बसतं. आणि घरी गेलेला शिधा घरभर वाटला जातो, हे धरूनच चाला. त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

---

रस्ता_बंद

सगळं टिपून घेतलं. एकच स्वयंपाकघर रद्द, २५ किलोची पोती, साठा दोन जागी, भरणी हजेरीवर, निवाऱ्याची वेगळी वही. शेवटचा एक प्रश्न. २५ किलोची मागणी केली तर भरणारे म्हणतात तोंडाला एकेरी शिवण येईल, दुहेरीला वेळ लागतो. चालेल?

---

थप्पीवाला

नाही. तोंड एकदा दुमडून वर दुहेरी शिवण, हे मागणीपत्रातच लिहा. एकेरी शिवणीचा एक टाका सुटला की पूर्ण तोंड उसवतं. आणि तुमचं पोतं कारखाना ते गोदाम, गोदाम ते गाडी, गाडी ते शाळा असं निदान सहा वेळा उचललं-टाकलं जाणार आहे.

मालाबरोबर दोन टक्के रिकामी पोती जादा मागा, त्याच छापाची. फुटलेलं त्यात भरायचं आणि छापाशेजारी 'पुन्हा भरलेले' म्हणून वजनासह लिहायचं. प्रत्येक गाडीत एक दाभण, सुतळीचा एक गुंडा आणि झाडू ठेवा. झाडू गाडी भरायच्या आधी मारायचा, उतरवल्यावर नव्हे. आधीच्या खेपेला त्या गाडीत खत किंवा सिमेंट होतं का, ते तेव्हाच कळतं.